पहिल्या अंकातला पाटील

आमच्या ह्यांना नाटकाचं वेड लग्नाच्या आधीपासूनचं. पण वेड असून काय उपयोग? डोंबिवलीतल्या हौशी मंडळींच्या नाटकांत ह्यांच्या वाट्याला कायम डॉक्टर. स्टेथोस्कोप गळ्यात घालायचा, "आता सगळं परमेश्वराच्या हाती" म्हणायचं आणि विंगेत जायचं. एकदा इन्स्पेक्टर दिला, तर चोराच्या खांद्यावर असा हात ठेवला की वाटावं, त्याला जेवायला नेतायत. माणूसच गरीब गाय. बँकेत सगळी नोकरी झाली, पण कोणावर आवाज चढवला नाही. घरात तर प्रश्नच नव्हता. घरात आवाज माझा.

रिटायर झाल्यावर मात्र नशीब उघडलं. ठाण्याच्या स्पर्धेसाठी मंडळाने नवीन नाटक घेतलं आणि मुख्य भूमिका ह्यांना दिली. खाडीकाठच्या गावचा पाटील, मिठागरांचा मालक, कोणाचं म्हणून ऐकायचं नाही. बांध कच्चा झालाय हे मुलगा सांगतो, बायको सांगते. हा दोघांनाही गप्प करतो. शेवटी उधाणाच्या भरतीत बांध फुटतो, बायको जाते, मुलगा घर सोडतो, आणि तिसऱ्या अंकात पाटील एकटा उरतो. स्क्रिप्ट हातात आली त्या दिवशी हे जेवताना मध्येच हसत होते, उगीचच. साठी उलटलेल्या माणसाला एवढा आनंद झालेला बघून मलाच भरून आलं.

तालमी आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये. दिग्दर्शिका म्हणजे घोडबंदर रोडला राहणारी, आयटीतली मुलगी. ट्रॅफिकला शिव्या घालत यायची आणि चपला भिरकावून थेट कामाला लागायची. पोरगी हुशार. ह्यांचं दुखणं तिने लगेच ओळखलं. मी चहा घेऊन गेलेले, तर माझ्यासमोरच म्हणाली, "काका, तुमचा तिसरा अंक पहिल्या अंकातच सुरू होतो. पाटील एन्ट्री घेतो तोच बिचारा दिसतो. आधी चढलाच नाही, तर पडणार कुठून?"

"शेवटी रडतो की मी चांगला," हे म्हणाले.

"रडता हो. पण ते तुम्ही रडता. पाटील कुठे रडतो?"

मला राग आला तिचा. पण खोटं काय होतं त्यात? मग तिने जरा चाचरतच सांगितलं, कळव्याचे एक गृहस्थ आहेत, आवाज असा की माइक नको. रविवारपर्यंत पहिला अंक उभा राहिला नाही तर त्यांना बोलवावं लागेल. "तुम्ही मग डॉक्टर कराल ना, काका?"

"हो, करेन की," हे म्हणाले.

आता ह्या "करेन की"ला काय करायचं सांगा! अख्ख्या आयुष्यात एकदा ताट समोर आलं होतं, आणि हे आपणच ते सरकवून द्यायला तयार. घरी आल्यावर मी फैलावर घेतलं. म्हटलं, "काही झालं तरी पाटील तुम्हीच करायचा. आत्तापासून माझ्यावर हुकूम सोडा. होऊ दे सवय."

ह्यांनी घसा खाकरला. "पाणी आण!" म्हणाले. मी गॅस बारीक करून वळते तोवर स्वतःच उठून दोन पेले भरून आणले, एक माझ्यासाठी. दुसऱ्या दिवशी भाजीवालीवर गुरकावून यायला पाठवलं, तर तिच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करून पिवळी पडलेली मेथी घेऊन आले. मी कपाळावर हात मारला.

त्यानंतर हे एकदम गप्प झाले. प्रॅक्टिस नाही, काही नाही. घरातल्या हॉलमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि मी वावरत असले की नुसते बघत राहायचे. प्लंबर आला, त्याला मी झापलं. सेक्रेटरीला फोनवर टँकरवरून सुनावलं. हे आपले बघतायत. मला वाटलं, पाटील गेल्यात जमा, म्हणून मनाला लागलंय. रात्री न सांगता बटाट्याचे काप केले ह्यांच्यासाठी. दुसरं काय करणार?

रविवारी तालमीहून आले आणि म्हणाले, "राहिला पाटील माझ्याकडे." कसं जमलं विचारलं तर म्हणे, जमलं. आणि मला तालमीला यायची बंदी! चहासुद्धा थर्मासमध्ये भरून हेच घेऊन जायला लागले.

स्पर्धेच्या दिवशी आमची अर्धी सोसायटी ठाण्याला गेली. माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण. पडदा उघडला, पाटील आला. आल्या आल्या उपरण्याला हात पुसले, आणि मुलगा काही बोलणार तोच एक बोट वर करून म्हणाला, "थांब. आधी माझं ऐक." समोरच्याचं वाक्य हाच पुरं करणार, आणि मग ते कसं चुकीचं आहे तेही हाच सांगणार. बोलणाऱ्याकडे बघायचं नाही, पाठ करून उत्तर द्यायचं, आणि वर म्हणायचं, "मी म्हणून सांगत्ये, दुसरं कोणी सांगितलं नसतं." सांगत्ये! पाटील चुकून बायकी बोलून गेला आणि आमची सोसायटी खो खो हसली.

बहिणीने कोपराने ढोसलं. "अगं, ही तर तू!"

"मी? थांब, आधी माझं ऐक—" मी म्हटलं. तिने नुसतं माझ्या वर गेलेल्या बोटाकडे पाहिलं.

अस्सा संताप आला! पण पुढे बघता बघता संताप कुठे गेला कळलं नाही. दुसऱ्या अंकात मुलगा बांधाला भेग गेल्याचं सांगायला येतो, आणि पाटील बोट वर करतो, पण वाक्य सुचत नाही. बोट तसंच वर राहतं. पहिल्यांदाच तो समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. मला ओरडावंसं वाटलं, अरे ऐक की त्याचं, अजून वेळ आहे!

तिसऱ्या अंकात हे रडतील म्हणून मी रुमाल काढून ठेवलेला. रडले नाहीत. ओल्या धोतराने आत आले, स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबले आणि म्हणाले, "अगं..." एवढंच. आतून उत्तर येईल म्हणून मान जरा कलती करून उभे राहिले. किती वेळ उभे राहिले. मग हळूच स्वतःचं पान स्वतः मांडायला बसले. रुमाल मलाच लागला.

नाटक संपल्यावर मी तडक मेकअपच्या खोलीत गेले. हे आरशासमोर बसून खोबरेल तेलाने रंग काढत होते. म्हटलं, "पहिल्या अंकात मला धरलंत, ते कळलं सगळ्या डोंबिवलीला. घरी चला, मग बघते. पण तिसऱ्यात कोणाला धरलंत?"

"मलाच."

"म्हणजे?"

"तू गेल्यावरचा मी," हे आरशातच बघत म्हणाले.

मी आधी जाणार हे कोणाला विचारून ठरवलंत, असं चांगलं खडसवायचं होतं मला. बोटही वर केलं. मग त्याच बोटाला तेल लावून ह्यांच्या कानामागे राहिलेला रंग काढायला लागले.