गमबूटवाल्या आजी

त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं, याची मला अजून चुटपुट लागते.

आम्ही चौघे मित्र जपानमधल्या कावासाकी शहरातून भाड्याची जीप घेऊन उत्तरेकडच्या डोंगरात बर्फात गाडी चालवायची हौस भागवायला गेलो होतो. जंगलातल्या वाटेवर मागची चाकं रुतली. बर्फ पडतच होता. हीटर लावून आम्ही आत बसलो आणि गाडी कशी काढायची यावर वाद घालत राहिलो.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. साठी उलटलेल्या एक ठेंगण्या बाई पुरुषी गमबूट घालून, फावडं घेऊन उभ्या होत्या.

"इंजिन बंद करा. आधी बाहेर या," त्या जपानीत म्हणाल्या. सायलेन्सर बर्फात गाडला गेला होता आणि धूर आत कोंडत होता. आमच्यातल्या एकाचं डोकं मघापासून का दुखतंय, ते आत्ता कळलं.

मी फावडं मागितलं. "आजी, द्या इकडे. काढतो गाडी."

"गाडी उद्याही निघेल," त्या म्हणाल्या. "आम्ही समुद्राकाठी राहायचो. भूकंप झाल्यावर माझे यजमान गाडी आणायला परत गेले. तेवढ्यात त्सुनामीची लाट आली." मग आमच्या पातळ जॅकेटांकडे बघून मान हलवली. "चला, सूप गरम आहे."

त्या पुढे, आम्ही मागे. दर वळणावर त्या थांबून मागे बघायच्या. घरी पोचल्यावर आमचे भिजलेले मोजे त्यांनी स्वतः पिळले. मी संकोचून नको म्हणालो, तर हातावर हलकेच चापट मारली. स्टोव्हभोवती मांडलेले मोजे आठ भरतात ना, हे बोट लावून पाहिलं आणि मगच त्या आमच्याजवळ बसल्या.