उन्हाळ्यात बंद केलेल्या गोळ्या

“तुम्ही एचआयव्ही पॉझिटिव्ह आहात,” असं समुपदेशक बाईंनी सांगितलं आणि मी त्यांचं टेबल लाथेनं उलटं केलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. बाई फायली गोळा करत म्हणाल्या, “गोळ्या रोज घेतल्यास तर म्हातारा होशील.”

घेतल्या. वर्षभर ठणठणीत होतो. मुकुंदवाडीला आम्ही दोघंच, आई आणि मी. दुष्काळ होता आणि शहर मात्र चहूकडे वाढत होतं. नव्या सोसायट्यांना पाणी टँकरनंच जायचं. मी टँकर चालवायचो.

मार्च लागला तसं मामा म्हणाला, “अरे, ह्या गोळ्या लई गरम. प्यायला पाणी नाय अन् तू त्या खातोस? पाऊस पडला की कर चालू.” आमच्याकडे उन्हाळ्यात अंडीसुद्धा गरम पडतात, त्यामुळं मला ते लगेच पटलं. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या. गाढवपणा माझा, मामाचा नाही.

आधी विसरायला लागलो. ठरलेली सोसायटी सोडून भलतीकडेच टँकर रिकामा करायचो. मग भीती गेली. रेल्वेचं फाटक पडत असताना भरलेला टँकर खालून काढला. गाडीचा भोंगा कानात वाजतोय आणि मी हसतोय. एका वॉचमननं उशीर का झाला विचारलं, तर मी त्याचं डोकं धरून टाकीवर आपटलं. रक्त बघून मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते.

मे महिन्याच्या शेवटी आईनं एवढंच विचारलं, “गोळ्या तशाच का पडल्यात रे?” मी तिचा हात धरून पिरगळला. कट् असा आवाज आला, तरी सोडला नाही. शेजारच्या सलमाचाची धावत आल्या आणि मला ढकललं. “छोड रे! माँ है ना तेरी!”

दवाखान्यात आई डॉक्टरीण बाईंना म्हणाली, “नळावर पाय घसरला ओ.”

मी म्हणालो, “खोटं आहे. मीच मोडला. गोळ्याही मार्चपासून बंद केल्यात.”

मग माझ्याही तपासण्या झाल्या. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, भलतंच वाढलेलं. मेंदूत दुसरा काही संसर्ग नाही ना, हे पाहायला एमआरआय झाला. तो ठीक निघाला. डॉक्टरीण बाईंनी समजावलं, “हा विषाणू मेंदूपर्यंत जातो. आठवण, विचार, स्वतःला आवरणं, सगळ्यावर परिणाम होऊ शकतो. पण सगळंच त्याच्या माथी मारू नकोस. हात तुझाच होता.”

गोळ्या पुन्हा चालू झाल्या. डोकं निवळायला कितीतरी महिने लागले. वॉचमनच्या घरी जाऊन पाया पडलो. त्यानं दार लावून घेतलं, ते बरोबरच केलं.

तुमच्या हातात असा रिपोर्ट असेल तर ऊन असो, उपास असो, गोळी चुकवू नका. आणि डोकं विनाकारण भडकायला लागलं तर आधी डॉक्टरांना सांगा.

माझा रिपोर्ट आता छान येतो. आईनं मला सोडलं नाही, हे उपकार फिटायचे नाहीत. पण मी हात वर केला की ती अजून डोकं झाकून घेते. म्हणून मी आता आधी सांगतो, “आई, पंखा लावतोय हं,” आणि मगच बटणाकडे हात नेतो.