चिंचेवरून खांबावर

आमच्या घरात ‘लाईन’ या एका इंग्रजी शब्दावर अर्धा संसार चालायचा. नळाला पाणी यायच्या आधीच आई घागर लाईनीत ठेवून यायची. कोपऱ्यावरच्या रिकामटेकड्या पोरांनी लाईन मारलेली तिला खपायची नाही. वीज गेली की अख्खी गल्ली ‘लाईन गेली’ म्हणत बाहेर यायची. मी आयटीआयला वायरमन शिकले, तेव्हा चुलत्यांनी निकाल देऊन टाकला, ‘पोरींची लाईन न्हाय ही.’ मला असा राग आला की वीज कंपनीची भरती निघताच मी अर्ज भरून टाकला.

नोकरीच्या आड एकच गोष्ट होती. सिमेंटच्या उभ्या खांबावर चढून दाखवायचं. तशी मी चढण्यात पटाईत. आजोळी वळसंगला उन्हाळ्यात चिंचा उतरवायच्या असत. पोरांनी वर चढून फांद्या हलवायच्या आणि पोरींनी खाली वेचायचं, असा तिथला रिवाज. मोठी माणसं जेवायला गेली की मी थेट शेंड्यावर. आईला यातलं काही ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते.

परीक्षेला आई सोबत आली ती तोंड पाडूनच. मी ऐटीत नवे कोरे बूट घातले आणि अर्ध्यावरून घसरून खाली आले. लाईनीत उभी असलेली पोरं हसली. साहेबांनी शेवटची संधी दिली. मी बुटांच्या नाड्या आणखी आवळल्या, पण नोकरी हातची गेलीच, असं वाटलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून आई शांतपणे म्हणाली,

‘बूट काढ की. चिंचेवर कवा बूट घालून चढलीस?’

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी बूट भिरकावले, ओढणी कमरेला खोचली, तळवे खांबाला चिकटवले आणि सरसर वर गेले. टोकाला हात लावून खाली पाहिलं, तर एकही पोरगं हसत नव्हतं. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झालेला नाही.

परवा चुलत्यांच्या गल्लीतली लाईन गेली आणि त्यांनी मलाच फोन केला. आई मी न बोलावताच माझ्याबरोबर निघाली. पुरवठा बंद करून, पट्टा बांधून मी खांबावर चढले. चुलते मान वर करून बघत उभे होते. आईने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होती.