पद्माताईंना ‘नो’ म्हणायचं होतं

डेमो नुकताच सुरू झाला होता आणि समोरचा माणूस थिजला. त्याचा चेहरा स्क्रीनवर तसाच राहिला, आवाज गेला. मी हॅलो, हॅलो करत राहिलो. मग त्याचा चौकोन काळा झाला. डेमो म्हणजे फुकट दिलेला पहिला तास. आवडला तर विद्यार्थी पुढचे तास घेतो, नाहीतर गायब होतो. त्या आठवड्यात सगळेच गायब झाले होते.

संध्याकाळी मी ज्या कंपनीसाठी ऑनलाइन इंग्रजी शिकवतो तिथल्या को-ऑर्डिनेटर मुलीचा फोन आला. सर, एनर्जी कमी पडतेय, स्माइल ठेवा, करेक्शन कमी करा. मी बरं म्हटलं. सोलापुरातल्या मराठी शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय. इथे हेडफोन लावून स्वतःचाच चेहरा बघत बोलायचं. तास संपेपर्यंत मान आखडायची, डोळे चुरचुरायचे. झेपत नसेल तर सोडा, असं बायको म्हणत होती. पण घरात नुसतं बसूनही दिवस सरत नव्हता.

त्यातच पद्माताई आल्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना. नवऱ्याला पक्षाघात झाल्यापासून त्याच सगळं बघत होत्या. घरात तेलुगू, शिक्षण मराठीत, इंग्रजी वाचता येई पण बोलता येत नसे. कारखान्याच्या छोट्या ऑफिसातून त्या व्हिडिओ कॉलवर यायच्या. पाठीमागे यंत्रमागांची खडखड इतकी, की मला त्यांचे निम्मे शब्द ऐकू येत नसत. मी बोलताना तुम्ही म्यूट करा, म्हणजे तुमच्याकडचा आवाज बंद करा, हे सांगण्यातच पहिला तास गेला.

दुसऱ्या तासाला मी काळ शिकवायला घेतले. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

“सर, हे राहू द्या,” त्या म्हणाल्या. “मला एका माणसाला नाही म्हणायचंय की.”

तो माणूस म्हणजे परदेशातला खरेदीदार. आजवर मुंबईचा एजंट त्याच्याशी बोलायचा आणि दरवेळी यस म्हणून मोकळा व्हायचा. मग इकडे कमी दिवसांत माल काढताना रंगाई बिघडायची. मागच्या वेळी गठ्ठे परत आले. आता एजंटने काम सोडलं होतं आणि खरेदीदाराला सगळी ऑर्डर पुन्हा घाईनेच हवी होती. तेवढ्यात ती होणं शक्य नव्हतं. नाही म्हणायचं होतं, पण गिऱ्हाईक तुटता कामा नये. तुटलं तर अर्धे माग बंद ठेवावे लागले असते.

मला हुरूप आला. सभ्य नकार हा तर आमचा जुना धडा. मी त्यांना दोन वाक्यं बसवून दिली. आय ॲम अफ्रेड, इट विल बी अ लिटल डिफिकल्ट. बट वुई विल ट्राय अवर बेस्ट. त्यांनी ती घोटून घोटून पाठ केली. उच्चारही चांगले बसले.

कॉल झाल्यावर त्यांचा फोन आला. तो खूश झाला, हसून थँक्यू म्हणाला, त्याचा अर्थ काय, असं विचारत होत्या. अर्थ मला लगेच कळला, पण सांगवेना. पाठोपाठ त्याचा ईमेल आला. पूर्ण ऑर्डर, त्याच मुदतीत. त्याने माझं पहिलं वाक्य सोडून दिलं होतं आणि दुसरं धरलं होतं.

“सर, हे तर एजंटचंच झालं,” पद्माताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. दमल्यासारखा वाटला.

मग आम्ही सगळं काढून टाकलं. अफ्रेड नाही, लिटल नाही, ट्राय तर नाहीच. उरलं ते एवढंच: नो. धिस मंथ, नो. नेक्स्ट मंथ, यस. मला ते उद्धट वाटत होतं. व्याकरणाच्या पेपरात मी त्याला शून्य दिलं असतं.

पुढच्या कॉलला त्यांनी मलाही लिंक पाठवली. बसा, पण बोलू नका म्हणाल्या. मी कॅमेरा बंद करून, म्यूट होऊन बसलो. खरेदीदार भराभर बोलला. त्याचं संपल्यावर पद्माताईंनी आपलं वाक्य म्हटलं.

तो गप्प झाला. शाळेत एवढी शांतता मी कधी सोसली नव्हती. मूल अडलं की मी शब्द पुरवायचो. माझं बोट म्यूटच्या बटनावर गेलं. सॉरी म्हणावं, काहीतरी मऊ जोडावं, असं फार वाटलं. पद्माताई सरळ कॅमेऱ्यात बघत होत्या. मी बोट मागे घेतलं.

“ओके,” तो शेवटी म्हणाला. “हाऊ मच कॅन यू डू?”

“हाफ. गुड क्वालिटी.”

उरलेली अर्धी ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला देतो, असं त्याने सांगितलं. पद्माताई ओके म्हणाल्या. कॉल संपला. मी आवाज चालू केला तेव्हा त्या चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

“सर, मी भांडल्यासारखं बोलले का?”

“नाही,” मी म्हटलं.

अर्धा माल वेळेत गेला. परत आला नाही. दुसरीकडे गेलेली अर्धी ऑर्डर मात्र पुन्हा त्यांच्याकडे आली नाही, त्यामुळे काही माग बंदच राहिले. पद्माताईंनी पुढचे तास घेतले नाहीत. काम झालं होतं आणि त्यांना सवड नव्हती. को-ऑर्डिनेटरने विचारलं, स्टुडंट का सोडून गेली? शिकून झालं म्हणून, असं मी सांगितलं. तिच्या सिस्टीममध्ये तसा पर्याय नव्हता.

अजूनही डेमो घेतो. मान दुखते, माणसं गायब होतात. फरक एवढाच की पहिल्या तासाला पुस्तक उघडत नाही. तुम्हाला कुणाला काय सांगायचंय, हे आधी विचारतो. बहुतेकांना दोन-चार वाक्यंच हवी असतात. ती मिळाली की ते जातात. या धंद्यात नीट शिकवलं तर विद्यार्थी टिकत नाही.