उमटलेली खूण

गल्लीतल्या अर्ध्याअधिक नवऱ्या मुलींचे पोशाख शिवणबाईंच्या हातून गेलेले. मशीन चालवून चालवून त्यांचा डावा गुडघा पार झिजला, आणि डॉक्टरांनी बदलला तो उजवा.

भूल उतरल्यावर त्यांनी चादर उचलली, तर पट्टी धडधाकट पायाला. गुंगीत आपलाच डाव्या-उजव्याचा घोळ होतोय, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात डॉक्टर येऊन उभे राहिले. तरणा माणूस, पण तोंड पार उतरलेलं.

"आजी, चूक झाली. उजव्या गुडघ्यावर शाईची खूण दिसली आणि मी कागद न बघता पुढे गेलो."

शिवणबाईंनी डोळे मिटले. खूण तिथे कशी गेली, ते त्यांना लख्ख कळलं. कापड दुमडून वरून थापटलं की खडूची रेघ खालच्या पदरावर उमटते. जन्मभर त्यांनी बाह्या अशाच बेतल्या होत्या. त्या सकाळी खोली गारठलेली होती. नर्सने डाव्यावर पेनाने खूण केली आणि त्यांनी लगेच गुडघ्याला गुडघा चिकटवून पाय पोटाशी घेतले.

"म्हणजे मीच उमटवली गं," त्या सुनेला म्हणाल्या.

"काहीतरीच काय आई! नीट बघून कापायचं काम त्यांचं."

घरी नवा गुडघा जराही दुखेना, आणि तेच सोसवेना. मशीनवर बसलं की वाटे, खाली कुणी परकं बसून पाय हलवतंय. भर दुपारी, शिलाई रंगात आलेली असताना, त्या थांबत आणि वाकून बघत. जुन्याचं काय केलं असेल? बादलीत टाकला? जाळला? बिचाऱ्याने कधी हूं की चूं केलं नव्हतं.

डावा मात्र ठणकतच राहिला. शेवटी उठणं-बसणं मुश्कील झालं.

"या खेपेला दुसरा डॉक्टर बघू," सून म्हणाली.

"नको बाई. नवा माणूस नवी चूक करील. याची करून झालीय."

सून खळखळून हसली. शिवणबाईंना हसू आलं नाही.

या वेळी खूण झाल्यावर त्यांनी दोन पायांमध्ये उशी घातली. शाई वाळली तरी उशी काढू देईनात. कमरेत सुई दिल्यावर पाय जड झाले, मग जणू नाहीसेच झाले. छातीपुढे हिरवा पडदा आला.

"डॉक्टर, थांबा. आधी त्या गुडघ्यावर हात ठेवा. कुठला ते मला कळू दे."

पडद्यापलीकडून डॉक्टरांचा आवाज आला.

"ठेवलाय, आजी. डावाच आहे."

शिवणबाई श्वास रोखून वाट बघत राहिल्या. तो हात त्यांना कुठेच जाणवला नाही.