दुसऱ्या गाडीची स्टेपनी

आमच्या घरात तिला सगळे रंगारी म्हणतात. माझ्या धाकट्या भावाची ही एकुलती एक मुलगी. भावजय दिवसभर नोकरीला, त्यामुळे न्हाणीघरावरून जी काही भांडणं व्हायची ती माझी आणि रंगारीची. तिथल्या बादल्यांमध्ये कायम तिचे स्कार्फ भिजत पडलेले. मी अंघोळ करून बाहेर आले की टाचा कधी हिरव्या, कधी जांभळ्या. वर मलाच म्हणायची, "आत्या, शोभतायत हं तुला." चोराच्या उलट्या बोंबा!

तिला स्वतः रंगवलेल्या स्कार्फांचा धंदा काढायचा होता. कॉलेज नकोच, म्हणे. माझा भाऊ टॅक्सी चालवतो. "स्टेपनीशिवाय मी गाडी रस्त्यावर काढत नाही," हे त्याचं वाक्य ऐकून आमचे कान किटलेत. धंदा म्हणजे पळणारं चाक, ते कधीतरी पंक्चर होणारच. मग डिकीत जादा चाक नको का? डिग्री म्हणजे ते चाक, असं त्याचं म्हणणं.

"अकाउंट्स घे. कुठल्याही ऑफिसात खुर्ची मिळेल."

"बाबा, आकडे बघितले की मला जांभया येतात."

"खुर्ची आहे म्हटल्यावर बसून दे जांभया!"

रोज जेवताना हेच. मी भावाच्याच बाजूने होते, खोटं कशाला बोलू? पोरीचं एक ना धड भाराभर चिंध्या होणार, हे मी तिच्या तोंडावर सांगितलं होतं.

समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा पहिला स्कार्फ विकत घेतला. निळा, सुंदर होता हो, माझ्या मनात नसतानाही मला आवडला होता. आठवडाभरात बाई तो परत घेऊन आल्या, सोबत आपला पांढरा कोट. कोटाची कॉलर निळी झाली होती. बाई रागावल्या नाहीत, पण त्यामुळे रंगारीला जास्तच लागलं. मीठ घालून पाहिलं, व्हिनेगर घालून पाहिलं, दुकानदाराने सांगितलं ते सगळं केलं. रंग सुटायचा तो सुटायचाच. "का सुटतो हे कुणालाच माहीत नाही गं आत्या," म्हणाली आणि बादलीपाशीच रडत बसली. 

तिने हाय खाल्ली तशी भावाची सरशी झाली. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी तो आम्हा दोघींना टॅक्सीत घालून निघाला. अकाउंट्सच. पोरगी मागच्या सीटवर नखांतला निळा रंग खरवडत बसली होती. आजचा दिवस गेला की बादल्या माळ्यावर जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

अर्ध्या वाटेत गाडी पंक्चर झाली.

भावाला जवळजवळ आनंदच झाला. "बघ! आता कळेल स्टेपनी कशाला लागते!" त्याने बाह्या सरसावल्या, जॅक लावला, नट काढले, डिकीतलं चाक ऐटीत आणलं. ते बसेना. फिरवून पाहिलं, लाथ घालून पाहिली. शेवटी मी वाकून बघितलं. गाडीला नट पाच आणि चाकाला भोकं चार. जुनी गाडी विकताना तिचं कोरं चाक देववलं नाही म्हणून या पठ्ठ्याने ते ठेवून घेतलं होतं, आणि नव्या गाडीच्या डिकीत तेच घेऊन इतके दिवस फिरत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

मी हसत सुटले. रंगारी हसली नाही. ती चाकाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, स्टेपनी चांगली आहे. पण या गाडीची नाही."

भाऊ हात पुसत उभा राहिला. पुसून झाले तरी पुसतच होता.

"मग तुझ्या गाडीची कुठली?"

तिने जरा विचार केला. "रंग कापडाला का धरतो आणि का सुटतो, हे जिथे शिकवतात ती. केमिस्ट्री. नाहीच चालला धंदा, तर रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये लागेन. खुर्ची नसेल, स्टूल असेल."

"केमिस्ट्री अवघड असते म्हणतात."

"असू दे. जांभया तरी येणार नाहीत."

ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याने आपलं चाक दिलं आणि आम्ही कॉलेज बंद व्हायच्या आत पोचलो. प्रवेशाच्या खिडकीतल्या कारकून बाईंनी विषय विचारला, तेव्हा माझ्या भावाने पोरीच्या आधी तोंड उघडलं. "केमिस्ट्री," तो म्हणाला.

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या टाचा अजून रंगतात, नाही असं नाही. धंद्याचं म्हणाल तर घोडं अजून बादलीशीच अडलंय.

परवा तिने नवा निळा स्कार्फ रंगवून वाळवला. भावाने तो दोरीवरून उचलला, बादलीत टाकला आणि त्याच पाण्यात स्वतःचा गणवेशाचा पांढरा शर्ट बुडवला. मी ओरडले, "अरे, उद्या घालणार काय? एकच धड शर्ट आहे तुझ्याकडे!"

"असू दे ताई."

रंगारी दाराशी नखं खात उभी. त्याने शर्ट खसाखसा चोळला, पिळला, उजेडात धरला. पांढरा होता. खाली बादलीतलं पाणीही नितळ. माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी त्याच्यावरच खेकसले, की उभा काय राहिलास, वाळत घाल.

त्याने शर्ट दोरीवर टाकला, शेजारी स्कार्फ टाकला. मग पोरीला म्हणाला, "वाळला की हा स्कार्फ डॉक्टरीणबाईंना नेऊन दे. पैसे घेऊ नकोस."