शेवटी आठ नाही, नऊ नाही

आमच्या ऑफिसात दोन टेबलं आहेत, एक दुरुस्तीचं आणि एक फोनचं. तळवड्यातल्या या छोट्या फर्ममधून आम्ही कारखान्यांना वॉकीटॉकी पुरवतो आणि त्यांचं प्रोग्रॅमिंग करून देतो. मी पाच महिने दुरुस्तीच्या टेबलावर होते. मग एका शनिवारी सर म्हणाले, "साइटवर तू तोंडच उघडत नाहीस. एक तारखेपासून फोनवर बस. बोलायची सवय तरी लागेल."

मी नुसती मान डोलावली, म्हणजे त्यांचंच म्हणणं सिद्ध केलं. वाजणारा फोन मी बंद होईपर्यंत उचलत नाही, हे मी घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नव्हतं.

एक तारखेला चार दिवस उरले असताना चाकणच्या एका कारखान्यात नवे स्कॅनर, म्हणजे वॉकीटॉकीवरचं बोलणं ऐकवणारे रेडिओ, बसवायचे होते. काकांबरोबर जायला दुसरं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून मी गेले. काका आमचे सर्वांत जुने टेक्निशियन. मोशीच्या शेतकरी घरातले. त्यांच्या भावकीत जमिनीची वाटणी चालू होती, त्यामुळे गाडीत तळवड्यापासून चाकणपर्यंत त्यांच्या फोनवर एकर आणि गुंठे एवढंच चालू होतं.

त्या कारखान्यात पाच-सहा चॅनल सगळे मिळून वापरतात. बोलायला लागलं की यंत्रणा जो चॅनल रिकामा असेल तो देते. म्हणून चॅनलवरून कोण बोलतंय ते कळत नाही. ओळख असते ती ग्रुपच्या नंबराची. फायरचा एक नंबर, क्रेनचा एक, गेटचा एक. सेफ्टी ऑफिसरच्या केबिनमधल्या स्कॅनरमध्ये हे नंबर भरले की हव्या त्या ग्रुपचं बोलणं तिथे ऐकू येतं. काकांनी आदल्या दिवशी ऑफिसात बसून जुन्या यादीवरून नंबर भरले होते. निम्म्याहून जास्त स्कॅनरने घेतलेच नव्हते. "यादी जुनी हाय. जेवढे घेतले तेवढे घेतले," असं त्यांचं मत होतं.

सेफ्टी ऑफिसर एक मॅडम होत्या. त्यांनी फायरचं बटण दाबलं. जरा वेळाने आवाज आला, "पोहे संपले, दुसरं पातेलं पाठवा. आणि शेव विसरू नका."

मॅडमनी काकांकडे पाहिलं. "आग लागली तर मी यांना बोलवू? शेव घेऊन येतील ते."

"जुनी यादी हाय, मॅडम."

"यादी जुनी असली तरी वॉकीटॉकी आजही त्याच नंबरांवर चालतात. चार वाजता मॉक ड्रिल आहे. तोपर्यंत झालं नाही तर स्कॅनर परत घेऊन जा."

आम्हाला गेटजवळची एक खोली मिळाली. काका म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून भरू. मी सांगतो, तू टाइप कर." त्यांनी चष्मा लावला. "क्रेन. चार हजार एकशे पंधरा. घेतलं का?"

"नाही घेत."

"पुढचा. एक हजार त्रेसष्ट."

आता सांगावंच लागणार होतं. मी इंग्लिश मीडियमची. मराठी बोलते, वाचते, पण वीसच्या पुढचे आकडे मला पटकन कळत नाहीत. त्रेसष्ट म्हणजे किती, हे मला मनात उलगडावं लागतं. भाजीवाल्यापुढे मी मोबाइल काढून आकडा दाखवते.

"काका, एक-एक आकडा सांगाल का?"

"आं?"

"त्रेसष्ट कळत नाही मला. सुटं सुटं सांगा."

काका चष्म्यावरून बघत राहिले. "एवढी शिकलेली तू, आणि त्रेसष्ट येईना?" मग हसले. "बरं घे. शून्य एक, मधी रेघ, शून्य सहा तीन."

रेघ आहे हे मला तेव्हा कळलं. यादीत सलग १०६३ नव्हतंच, ०१-०६३ होतं. काकांच्या डोळ्यांना सगळा आकडा सलग वाचायची सवय, म्हणून रेघ ते सोडूनच देत होते. मी म्हटलं, रेघसुद्धा सांगा. ते वैतागून सांगू लागले. शून्य चार, रेघ, एक एक पाच. शून्य एक, रेघ, शून्य सात दोन. शून्य आठ, रेघ, शून्य सहा शून्य. मी टाइप करायचं सोडून कागदावर लिहीत होते.

वीस-पंचवीस नंबर झाल्यावर मला एक गोष्ट खटकली. शेवटचा आकडा कधीच आठ नव्हता. नऊही नव्हता. मी काकांच्या हातातली यादी घेतली आणि बोट फिरवत खालपर्यंत गेले. चाळीसेक ग्रुप, पण शेवटी आठ नाही, नऊ नाही. रेघेआधीची जोडी आणि रेघेनंतरची जोडी, दोन्ही पंधराच्या वर जात नव्हत्या. आणि स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे तो २०४७ च्या वरचा एकही नंबर घेत नव्हता. शून्य ते पंधरा म्हणजे सोळा, शून्य ते सात म्हणजे आठ; सोळा गुणिले सोळा गुणिले आठ, २०४८. शून्यापासून मोजलं तर शेवटचा २०४७.

"काका, हा एक नंबर नाहीये. तीन आहेत."

"काय म्हंतीस?"

मला सकाळचा त्यांचा फोन आठवला. "दोन एकर दहा गुंठे म्हणजे दोनशे दहा गुंठे का?"

"खुळी का काय? नव्वद."

नव्वद मला येत होतं. "का नव्वद?"

"चाळीस गुंठ्यांचा एकर. लहान पोर सांगंल."

"इथे आठाचा गुंठा आहे, काका. आठ झाले की मधल्यात एक वाढतो. मधले सोळा झाले की पहिल्यात एक. आपण रेघ काढून टाकली आणि दोन एकर दहाचे दोनशे दहा केले."

काकांनी यादी स्वतःकडे ओढली. "फायर बघू. शून्य एक, शून्य सात, दोन. एकाचे सोळा, त्यात सात, तेवीस. तेवीस आठे एकशे चौऱ्याऐंशी. वर दोन."

"चौऱ्याऐंशी म्हणजे एट फोर?"

"व्हय बाई, एट फोर. एकशे शहाऐंशी. वन एट सिक्स."

"आणि तुम्ही काय भरलं होतं?"

"एक हजार बाहत्तर."

मी यादीतला कँटीनचा नंबर समोर धरला, ०८-०६०. आठ गुणिले सोळा, १२८. त्यात सहा, १३४. गुणिले आठ. मोबाइलच्या पडद्यावर १०७२ आलं.

काकांनी तो आकडा बघितला, यादी बघितली, आणि मांडीवर थाप मारली. "म्हंजी मीच मॅडमना पोहे खायला पाठवलं."

मग मी लॅपटॉपवर एक्सेल शीटमध्ये सूत्र लिहिलं, आणि यादी एका दमात उतरली. एकही नंबर स्कॅनरने नाकारला नाही. तरी प्रत्येक ओळ काकांनी तोंडी करून तपासली. त्यांचे पाढे माझ्या मोबाइलपेक्षा पुढे धावत होते.

चारला पाच मिनिटं असताना मॅडमनी फायरचं बटण दाबलं. शांतता. "बोला ना कोणीतरी," त्या म्हणाल्या. काकांनी फायरचा वॉकीटॉकी माझ्या हातात दिला. मी बाहेर जाऊन बटण दाबलं आणि म्हटलं, "फायर ग्रुप, टेस्टिंग. आवाज येतोय का?" केबिनच्या उघड्या दारातून माझाच आवाज मला परत ऐकू आला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो बराच ठाम होता.

ड्रिल झालं. प्रत्येक हाक मॅडमच्या टेबलावर ऐकू आली. सहीच्या कागदावर लिहायला त्यांनी काम करणाऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा काकांनी माझ्याकडे बोट केलं.

परत येताना काकांनी सरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. "पोरीनं केलं, सर. मी न्हाई. मी तर कँटीन लावून बसलो हुतो."

"बोलली का क्लायंटशी?"

"सगळ्या कारखान्याला ऐकू गेलं."

सरांनी विचारलं, "मग फोनवर कोण बसणार?"

"तुमीच बसा," काका म्हणाले. "तुमाला बोलायची सवय हाय."

एक तारखेला फोन वाजला तेव्हा मी दुरुस्तीच्या टेबलावर बॅग भरत होते. पुढची साइट महाळुंग्याला होती. फोन सरांनीच उचलला.